डाव्या डोळ्याचं पाणी

मोतीबिंदू काढून अडीच आठवडे झाले होते आणि भेटेल तो माणूस तेइझो मिझोगुचीचं अभिनंदन करत होता. ट्रामच्या थांब्यावरची फुलवाली, सार्वजनिक हमामखान्यातला गल्ल्यावरचा म्हातारा, झालंच तर देवळाचा पुजारी. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तर त्याच्या उजव्या डोळ्यात बॅटरी मारून "सुंदर, सुंदर" असं दोनदा म्हटलं, जणू डोळा त्यांनीच घडवला होता. तेइझोचं वय एकाहत्तर. त्यातली पंचावन्न वर्षं त्याने साकाई शहरातल्या एकाच गल्लीत, एकाच भट्टीपुढे बसून स्वयंपाकाच्या सुऱ्या घडवण्यात घातली होती. अभिनंदन झालं की तो मान तुकवायचा आणि मनातल्या मनात शिव्या मोजायचा.

घरातही सगळं उलटंपालटं झालं होतं. भात इतका पांढरा दिसे की खाववेना. आभाळ कुणीतरी नुकतंच रंगवून गेल्यासारखं. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत तो बायकोला म्हणाला, "ही कधी रंगवलीस?"

"भिंत पांढरीच होती अहो," फुसाए म्हणाली. "तुम्हालाच ती पिवळी दिसायची. दोनदा घासायला लावलीत मला."

"आणि तुझ्या तोंडावर इतक्या सुरकुत्या कधी आल्या?"

"आल्या तेव्हा तुम्हाला दिसत नव्हत्या. ते दिवस बरे होते."

भात आणि भिंतीशी त्याने जमवून घेतलं असतं. पण त्या डोळ्याने त्याचा विस्तव बिघडवला होता, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर पुन्हा अभिनंदनच व्हायचं.

सुरीला पाणी देणं हे अर्ध्या श्वासाचं काम. घडवलेल्या पात्यावर मातीचा लेप द्यायचा, तो वाळवायचा, पातं विस्तवात तापवायचं आणि बरोबर वेळ साधून पाण्यात बुडवायचं. जरा आधी बुडवलं तर पातं मऊ राहतं, कानस त्याच्यावर चरते. जरा उशीर झाला तर पोलादाचा रवा, म्हणजे आतला कण, जाड होतो आणि सुरी दिसायला देखणी पण ठिसूळ निघते, मुळा चिरतानासुद्धा धारेचे दात पडतात. ही वेळ ओळखायला तेइझोच्या बापाकडे एकच शब्द होता: पिकलेलं पर्सिमन. पहिलं दंव पडून गेल्यावर झाडावर राहिलेलं लालसर केशरी फळ, बोट लावलं तर फुटेल असं. पात्याला तो रंग आला की पाणी. बापाने सतरा वर्षांच्या तेइझोला तो रंग दाखवला तो कानफटात मारून, आणि मारलेलं विसरलं तरी रंग विसरला नाही. शेजारच्या गल्लीतल्या दोघा लोहारांनी उष्णता मोजायचं यंत्र आणलं होतं. तेइझो त्यांना 'ताप बघणारे वैद्य' म्हणायचा.

डॉक्टरीणबाईंनी दोन आठवडे धूर-धूळ वर्ज्य सांगितली होती. सहाव्या दिवशी सकाळी तो भट्टीपुढे बसला. रंग दिसावा म्हणून खिडक्यांचे पत्रे ओढून घेतले, कोळसा पेटवला, लाकडी भात्याचा दांडा हातात घेतला. आयुष्यात त्याने ओढी कधी मोजल्या नव्हत्या, पण हाताला त्या पाठ होत्या. पासष्टच्या आसपास पातं पिकायचं. त्या दिवशी पन्नास ओढी होतात न होतात तोच पर्सिमन समोर हजर. भडक, निर्लज्ज, उजेडाने भरलेलं. त्याने पातं पाण्यात घातलं आणि हात दांड्याकडे पुन्हा गेला, काम अपुरं राहिल्यासारखा. दुसरं पातं तसंच. तिसरंही. पाच पाती झाली आणि त्याचं डोकं फिरलं. हात सांगत होता कच्चं आहे, डोळा सांगत होता पिकलं. हात पंचावन्न वर्षांचा, डोळा सहा दिवसांचा. कोणावर विश्वास ठेवायचा याला काय पंचांग बघायला हवं? कच्च्या मालाला कानस लावून बघायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. पाचही पाती त्याने भंगाराच्या डब्यात फेकली.

मग त्याला सुचलं की डावा डोळा अजून आपलाच आहे. त्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्याने काळं फडकं फाडून उजव्या डोळ्यावर बांधलं आणि पुन्हा विस्तवाकडे पाहिलं. जुनं धुकं परत आलं, आणि त्या धुक्यात, पासष्टाव्या ओढीला, त्याचं स्वतःचं जुनं पर्सिमन हळूहळू वर आलं. हात आणि डोळा दोघांचं एकमत झालं. हायसं वाटून तो जमिनीवर बसूनच राहिला.

त्यानंतर रोज सकाळी तो उजवा डोळा बांधून काम करू लागला. पाती पूर्वीसारखीच पाण्यात सुसकारत होती. घोर होता तो पुढच्या तारखेचा. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आठ नोव्हेंबरला ठरलं होतं. तो दिवस भात्याच्या सणाचा. त्या दिवशी साकाईतला कुठलाच लोहार भट्टी पेटवत नाही, भात्यापुढे संत्री ठेवतो आणि हात जोडतो. 'काम आहे' ही सबब चालू नये म्हणून फुसाएने मुद्दाम तोच दिवस धरला होता. तो डोळाही साफ झाला की बापाने दाखवलेला रंग जगात कुठेच उरणार नव्हता. बाप मेलेला, मुलगी नागोयात दात उपटणारी, शिष्य कधी टिकला नाही. त्या धुकाळ डोळ्याच्या बुबुळामागे जे काय होतं, तेवढीच त्याची इस्टेट.

एकदा त्याने बाजारातून पिकलेलं पर्सिमन आणलं. म्हटलं, ताडून बघू. पत्रे ओढलेल्या अंधारात ते भट्टीशेजारी ठेवलं, तर ते काळं ठिक्कर दिसलं. दिवा लावला तर पर्सिमन दिसे आणि पात्याचा रंग पळे. अर्धा तास हे चाललं. फुसाए चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"ते खायचंय, की त्यालाही पाणी द्यायचंय?"

तेइझोने फळ उचलून तिच्या हातात दिलं. तेव्हा तिला काळं फडकं दिसलं.

"हे काय बांधलंय डोळ्याला?"

"काही नाही. ठिणगी उडते."

"ठिणगी ओळखून एकाच डोळ्यात उडते होय? अहो, त्याच डोळ्यासाठी मी तुम्हाला दवाखान्यात ओढत नेलं ना? तोच बांधून बसलात?"

"फुसाए, आठ तारखेचं रद्द कर. फोन कर आणि सांग, नवऱ्याला नको आहे."

"आणि महिन्याभराने तो डोळा दुधी काचेसारखा झाला की?"

"झाला तर झाला. भांडी मोजायची नाहीत मला. रंग बघायचाय."

तिने चहाचा पेला ऐरणीवर आपटला, चहा सांडला आणि ती निघून गेली. फोन तिने केलाच, पण दवाखान्यात नाही. दोन गल्ल्या पलीकडे, इसाबुरोकडे.

इसाबुरो ओकुनो धार लावणारा. साकाईत अख्खी सुरी एकच माणूस करत नाही. एक घडवतो, दुसरा धार लावतो, तिसरा मूठ बसवतो, आणि पात्यावर नाव कोरलं जातं ते चौथ्याचं, विकणाऱ्या पेढीचं. तेइझोची काळी, ओबडधोबड पाती चाळीस वर्षं इसाबुरोच्याच चाकावर गेली होती. दोघं एका शाळेत, एका बाकावर. इसाबुरोच्या अंगावर दगडाच्या चिखलाचे शिंतोडे कायम, आणि बोलणं नेहमी चेष्टेचं. पण त्या दुपारी तो आला तेव्हा हसत नव्हता.

"रद्द करतोयस म्हणे."

"तुला लगेच बातमी पोचली."

"आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, आणि आमचा तेइझो म्हणतो एक परत घ्या."

"इसाबुरो, चेष्टा नको. त्या नव्या डोळ्याने पाती कच्ची निघतात. पन्नास ओढींना पिकल्याचं सांगतो लबाड."

"कच्ची निघतात? माझ्याकडे तर एकही आलं नाही तसलं."

"येईल कसं? टाकून दिली." त्याने हनुवटीने डबा दाखवला.

इसाबुरोने डब्यात हात घातला. तेइझो म्हणाला, "भंगारात हात घालू नकोस." पण त्याने एक पातं काढलं, बाह्यांना पुसलं, भिंतीवरची कानस घेतली आणि धारेच्या कडेवरून ओढली. कानस घसरली. आवाज बारीक, काचेवर नख ओढल्यासारखा. त्याने दुसरं काढलं. पुन्हा घसरली.

"कच्चं म्हणालास?"

तेइझोने कानस हिसकावून घेतली आणि स्वतः ओढली. ओढली, दाबून ओढली. पातं कडक होतं. "एखादं लागतं नशिबाने," तो म्हणाला.

"दोन्ही नशिबाने?" इसाबुरोने ते पातं पकडीत धरलं, चिंधी गुंडाळली आणि हातोड्याचा एक घाव घातला. पातं मोडलं. मग तो मांडणीकडे गेला. कालची, डाव्या डोळ्याची पाती तिथे रांगेत ठेवली होती. तेइझो "अरे ए" म्हणेपर्यंत त्याने त्यातलं एक उचलून तसंच मोडलं. दोन्हीचे तुकडे त्याने पत्रा उघडून उन्हात, खिडकीच्या पट्टीवर शेजारी शेजारी ठेवले.

"फडकं काढ," तो म्हणाला. "आणि बघ. रवा बघ."

तेइझोने फडकं सोडलं. उजव्या डोळ्याला उजेड झोंबला, पाणी आलं, मग दिसायला लागलं. डब्यातल्या पात्याची मोड, म्हणजे तुटलेली कड, करडी होती, चाळलेल्या राखेसारखी, एकही कण वेगळा दिसत नव्हता. कालच्या पात्याची मोड चकाकत होती. कण कण वेगळा, जाड्या मिठासारखा. असला रवा दिसला असता तर बापाने पातं नाही, पोराला मोडलं असतं.

अधूनमधून तेइझो स्वतःही पाती मोडून बघायचा. दर वेळी त्याला मोड मऊ, करडी दिसायची. आता कळलं, धुक्यातून सगळंच करडं दिसतं.

तेइझो म्हणाला, "कधीपासून?"

इसाबुरो खाली बघत होता. "सात वर्षं. आठ म्हण. आधी वाटलं, एखादा हप्ता बिघडला. मग कळलं, तुझं पर्सिमनच सरकतंय. दरवर्षी थोडं थोडं. भिंत पिवळी झाली, तसा तुझा विस्तव तुला काळपट दिसायला लागला, आणि तू आपला ओढतोयस भाता."

"धारेचे दात पडले असतील."

"पडले. पेढीवाल्याने दोनदा सुऱ्या परत आणल्या. मी म्हटलं, माझी चूक, धार जास्तच पातळ लागली. त्यानंतर मी धारेच्या मागे जरा मांस ठेवायला लागलो. थोडं जाड. जाड धार टिकते. कुणाला कळलं नाही."

"कुणाला कळलं नाही," तेइझो म्हणाला. "चाळीस वर्षं एका ताटात जेवलो, आणि मला सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"कसं सांगायचं? म्हणायचं, बाबा तेइझो, तुझा डोळा गेला? एकदा म्हटलं होतं, चल डॉक्टरकडे, माझाही तपासायचाय. तू म्हणालास लोहाराचा डोळा वैद्याच्या बापाला कळणार नाही. मग फुसाएवहिनींच्या मागे लागलो. तीन वर्षं लागली तुला तिथवर न्यायला."

दारात फुसाए उभी होती. तिला सुऱ्यांचं काहीच माहीत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसलं. "भीड भिकेची बहीण, इसाबुरोसान," ती हळूच म्हणाली. "आम्हाला भीक लागली असती तरी चाललं असतं. निदान कळलं तर असतं."

इसाबुरोने मान तुकवली. एरवी कंबरेत न वाकणारा माणूस, पण त्या दिवशी वाकला.

तेइझोला वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. त्याला नुसता संताप आला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. मित्रावर ठेवावा तर त्याने आठ वर्षं दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतली होती. डोळ्यावर ठेवावा तर तो बिचारा हळूहळू, काही न बोलता पिवळा झाला. आणि सुऱ्या तर गेलेल्या. क्योतोच्या, ओसाकाच्या स्वयंपाकघरांत, दुसऱ्याच्या नावाने. किती स्वयंपाकी हातातली सुरी अडली म्हणून स्वतःच्या हाताला दोष देत असतील. पात्यावर त्याचं नाव नव्हतं म्हणून कुणी त्याच्या दारात येऊन सुरी फेकली नाही. आयुष्यभर त्याला या रिवाजाचा अभिमान होता. नाव नको, काम बोलेल, असं तो सांगत फिरायचा. काम बोलत होतं, पण ऐकत होता फक्त इसाबुरो, आणि तो गप्प.

"आठ तारखेला जाईन," तो फुसाएला म्हणाला. "आता दोघं जा. मला बसू द्या."

भात्याच्या सणाला भात्यापुढे संत्री मांडून तो दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई पुन्हा दोनदा सुंदर म्हणाल्या. या वेळी त्याने दोन आठवडे खरोखर पथ्य पाळलं, कारण घाई कसली करायची तेच कळत नव्हतं. आणि महिना संपता संपता तो पुन्हा पत्रे ओढून बसला.

डोळे आता दोन्ही खरं सांगत होते. हात मात्र ऐकेना. पन्नासाव्या ओढीला रंग पिकलेला दिसे, आणि तो पातं उचलेपर्यंत हात आणखी दहा ओढी ओढून मोकळा. जित्याची खोड. डोळ्याचं ऑपरेशन होतं, मनगटाचं कोण करणार? पहिली तीन पाती त्याने मोडून पाहिली, तिन्ही मीठ. चौथ्याला त्याने फुसाएला शेजारी बसवलं. "मी 'पिकलं' म्हटलं आणि तरी दांड्याला हात लावून बसलो, पातं उचललं नाही, तर हातावर मार."

"कशाने?"

"जे मिळेल त्याने."

तिने भात वाढायचा लाकडी डाव आणला आणि मनापासून मारलं. इतकी वर्षं लग्नाची, तिच्याही मनात काही साठलेलं असणार. दिवस संपला तेव्हा त्याच्या मनगटावर लाल वळ होते आणि मांडणीत सात पाती होती. आठवं त्याने मोडून पाहिलं होतं. आत राख होती, बारीक, एकसारखी. वडील असते तर काही बोलले नसते, म्हणजे पसंत पडलं असतं.

ती सात पाती त्याने स्वतः इसाबुरोकडे नेऊन दिली. दोघांत त्या दिवसापासून बोलणं नव्हतं. त्याने पाती पायरीवर ठेवली, म्हणाला, "पातळ लाव. दात पडले तर माझे," आणि वळला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी इसाबुरो आला. हातात एकच सुरी, भाजीची, मूठ बसवलेली, कागदात गुंडाळलेली. त्याचा चेहरा सणाचा होता. फुसाए रात्रीसाठी मुळा शिजवायला घेत होती. तेइझोने सुरी कागदातून काढली. पातं सुरेख होतं, धारेची रेघ धुक्याच्या कडेसारखी. त्याने ती बायकोसमोर ठेवली.

फुसाएने मुळ्याचा जाड तुकडा घेतला आणि सुरी वरून दाबली. सुरी अर्ध्यापर्यंत गेली, मग 'कट' असा आवाज झाला आणि मुळा उभा फुटला. चिरला गेला नाही, फुटला. तिने दुसरा तुकडा घेतला. तोही फुटला. तिसऱ्याला तिने हात लावला नाही.

तेइझोने सुरी घेतली आणि धारेच्या वरचा भाग अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू खाली आणला. मग ती इसाबुरोच्या हातात दिली.

इसाबुरोनेही तसंच केलं. एकदा, दोनदा. उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं. त्याच्या तोंडावरचा सण उतरला.

"मी पातळ लावली होती," तो म्हणाला.

"लावली होतीस?"

"शपथेवर, तेइझो. चाकावर बसताना मनात दुसरं काही नव्हतं. हाताला वाटलं पातळ लावली." त्याने पुन्हा बोटं फिरवली. "सातही अशीच असतील. आणि दुसऱ्या लोहारांचीही. तुझ्या एकट्याचीच का, मी आठ वर्षं... सगळ्यांच्याच..." पंचेचाळीस वर्षं चाकावर बसलेला माणूस स्वतःची दोन बोटं कुणा परक्याची असावीत तशी बघत राहिला.

तेइझोने त्याच्यासाठी गेला महिनाभर बरंच काही साठवून ठेवलं होतं. बोचरं, एकेक शब्द घासून ठेवलेला. त्यातलं काही आता आठवेना. फुसाए फुटलेल्या मुळ्याचे तुकडे गोळा करून पातेल्यात टाकत होती. फुटलेला काय, शिजायचा तो शिजणारच होता.

"उचल ती," शेवटी तो म्हणाला. "घरी ने. परत लाव आणि उद्या आण."

"आणि उद्याही जाड निघाली तर?"

"तर तोंडावर फेकून मारीन."

इसाबुरो सुरी कागदात गुंडाळत होता. कागद नीट बसत नव्हता. "खरंच मारशील?" त्याने विचारलं.

"आठ वर्षांपूर्वी तूच ती मला फेकून मारायला हवी होतीस," तेइझो म्हणाला.